एका जीपचे तीन क्रमांक: जुनी लष्करी जीप घेताना काय घडलं

या प्रकरणातली नावं, ठिकाण आणि क्रमांकांचे शेवटचे आकडे गाळले आहेत. रकमाही प्रमाणातच दिल्या आहेत. बाकी सगळं घडलं तसं.

पार्श्वभूमी

जुनी लष्करी जीप घ्यायची आहे म्हणणारे पुष्कळ भेटतात. नक्की कोणती, असं विचारलं की बहुतेक जण अडखळतात. या प्रकरणातले घेणारे अडखळले नाहीत. ते स्थापत्य अभियंता म्हणून निवृत्त झालेले, हाताने काम करायची आवड असलेले, आणि घरी गाडी झाकून ठेवता येईल एवढी पक्की जागा असलेले गृहस्थ. त्यांना दुसऱ्या महायुद्धातली विलिस एमबी, म्हणजे विलिस-ओव्हरलँड या अमेरिकन कंपनीने लष्करासाठी बनवलेली जीप हवी होती, आणि तीही १९४२ सालचीच.

शोध बरेच दिवस चालला होता. या वाटेवर काय काय समोर येतं हे सांगायला हवं, कारण जाहिरातीत 'युद्धकाळातली जीप' म्हणून निरनिराळ्या गाड्या विकल्या जातात. सीजे-२ए ही विलिसचीच युद्धानंतरची नागरी गाडी: तिच्या तोंडाला सात फटी, मागे उघडणारं फळकूट आणि इंधन भरायचं तोंड बाहेरून बाजूला. एमबीला नऊ फटी, मागे फळकूट नाही, आणि टाकी चालकाच्या सीटखाली. हॉचकिस एम२०१ ही फ्रान्समध्ये विलिसच्या परवान्याने १९६६ पर्यंत बनलेली. ती एमबीसारखी इतकी दिसते की सिनेमावाल्यांनी आणि विक्रेत्यांनी तिला खुशाल एमबी म्हणून खपवलं आहे. शिवाय फिलिपिन्समध्ये बनणाऱ्या नव्याकोऱ्या बॉड्या मिळतात, आणि अशी बॉडी कुठल्याही चॅसिसवर बसवून रंग दिला की छायाचित्रात फरक कळत नाही.

मग एक जाहिरात दिसली: '१९४२ विलिस एमबी, मूळ स्थितीत, चालू, कागदपत्रं पूर्ण.' विकणारे पेशाने शिक्षक. गाडी त्यांच्या वडिलांची. वडिलांनी ती फार पूर्वी लष्कराच्या मोडीतून निघालेल्या मालात घेतली, वर्षानुवर्षं शेतावर वापरली आणि शेवटी शेडमध्ये उभी केली. वडील गेल्यावर मुलाला ती सांभाळणं जमेना. घेणाऱ्यांनी मला सोबत बोलावलं, कारण या जातीच्या गाड्या मी बऱ्याच उघडून पाहिल्या आहेत.

निघण्यापूर्वी मी त्यांना एवढंच म्हटलं, की रंग शेवटी बघायचा. आधी कागद, मग चॅसिस, मग इंजिन, मग बॉडी.

अडचण

गाडी दिसायला उत्तम होती. शेडच्या दारातून येणाऱ्या उजेडात तिचं सपाट बॉनेट, दुमडून पुढे टाकलेली काच, मागे लटकलेलं स्टेपनी आणि पाण्या-पेट्रोलचा कॅन. घेणारे दारातच थांबले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. विकणाऱ्यांनी आम्ही यायच्या आधीच इंजिन सुरू करून ठेवलं होतं, आणि ते सुरेख गुणगुणत होतं.

डॅशबोर्डवर पितळी पाट्या होत्या. त्यांवर 'विलिस-ओव्हरलँड', एमबीचा क्रमांक, वितरणाचं साल १९४२. क्रमांक २७ ने सुरू होणारा, सहा आकडी. नोंदणीच्या कागदावर चॅसिस क्रमांक हाच. वरवर सगळं जुळत होतं.

माझ्या मनात पहिली शंका त्या क्रमांकानेच आणली. विलिसने एमबीची मोजणी १,००,००० च्या पुढून सुरू केली, आणि १९४२ संपेपर्यंत ती साधारण दोन लाखांच्या आसपास पोचली होती. २७ ने सुरू होणारा क्रमांक १९४३ चाच असू शकतो. म्हणजे पाटीवरचं साल आणि पाटीवरचा क्रमांक एकमेकांशीच भांडत होते. शिवाय पाट्यांचं पितळ फारच ताजं होतं आणि खिळे अलीकडचे. कोऱ्या पाट्या बाजारात मिळतात. हातातल्या ठशांनी त्यांवर हवा तो आकडा कुणीही उठवू शकतो.

मग मी गाडीच्या पुढ्यात आडवा झालो. रेडिएटरखाली, दोन चॅसिस-रेलना, म्हणजे सांगाड्याच्या दोन लांब दांड्यांना, जोडणारा जो पहिला आडवा तुकडा असतो, तो एमबीत गोल नळीचा असतो. इथे तो उलट्या यू आकाराचा, पत्र्याचा होता. ही विलिसची चॅसिस नव्हतीच. ही फोर्डची होती.

घेणाऱ्यांना वाकून बघायला सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. विकणारे तर दुखावलेच. "अहो, माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात कुणाला फसवलं नाही."

"वडिलांनी फसवलं असं कुणीच म्हणत नाही," मी म्हटलं. "आधी गाडीला विचारू, ती काय सांगते ते."

तपासणी

फोर्डने याच आराखड्याची जी गाडी बनवली तिला जीपीडब्ल्यू म्हणतात. तिचा क्रमांक पाटीवर नव्हे, थेट डाव्या चॅसिस-रेलच्या वरच्या पृष्ठभागावर, पुढच्या बाजूला ठोकलेला असतो. विलिसने मात्र डाव्या रेलच्या आतल्या बाजूला, बंपरच्या मागे, एक छोटी पाटी रिव्हेटने बसवली. इथे तिथे पाटी नव्हती आणि तिची भोकंही नव्हती. वरच्या बाजूला ग्रीस, माती आणि रंगाचे थर. ग्राइंडर लावायचा मोह कितीही झाला तरी तो लावायचा नाही. ठसा उथळ असतो, एका फटक्यात जातो. रॉकेलने पुसत, पितळी तारांच्या ब्रशने हळूहळू घासत गेलो. आधी एक चांदणीसारखी खूण, मग जी, मग पी, मग डब्ल्यू. पुढचे आकडे १३ ने सुरू होणारे. १९४३ सालची फोर्ड.

आता इंजिन. या दोन्ही गाड्यांत एकाच आराखड्याचं इंजिन असतं: चार सिलिंडर, १३४ घनइंच म्हणजे २.२ लिटर, व्हॉल्व्ह बाजूला, ६० अश्वशक्ती. फोर्डच्या गाडीत कारखान्यातून निघताना इंजिनाचा आणि चॅसिसचा क्रमांक एकच असे. विलिसमध्ये दोन्ही वेगळे असत. त्यामुळे 'मॅचिंग नंबर' हा शब्द एमबीबाबत जसाच्या तसा वापरता येत नाही, हे पुष्कळ जाणकार विसरतात. ब्लॉकच्या उजव्या बाजूला, पुढे, क्रमांकाची जागा पुसली. तिथे जीपीडब्ल्यू नव्हतं, एमबीही नव्हतं. 'जे' होतं. म्हणजे युद्धानंतरच्या नागरी सीजे-२एच्या जातीचं इंजिन.

गाडी एक, क्रमांक तीन: पाटीवर आणि कागदावर एमबी, चॅसिसवर जीपीडब्ल्यू, इंजिनावर जे. बरेच जण इथेच "बनावट" म्हणून पाठ फिरवतात. मला ते पटत नाही. त्याचं कारण या गाडीच्या जन्मातच आहे.

१९४० मध्ये अमेरिकन लष्कराला हलकी टेहळणी गाडी हवी होती. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम या लहान कंपनीने अवघ्या ४९ दिवसांच्या मुदतीत पहिला नमुना उभा केला. पुढे विलिसचं जोरकस इंजिन सरस ठरलं, पण एकट्या विलिसला लागणारं उत्पादन झेपणारं नव्हतं. म्हणून फोर्डला विलिसच्या आराखड्यावर तीच गाडी बनवायला दिली. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. अट एकच, की एकीचा भाग दुसरीला बसलाच पाहिजे. फोर्डने आपल्या कित्येक भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा, एफ अक्षर उठवलं खरं, पण रणांगणामागच्या कार्यशाळेत ते अक्षर बघायला कुणाला सवड नव्हती. बिघडलेल्या गाड्या उघडल्या जात, भाग धुऊन ढिगांत पडत आणि ढिगांतून उचलून पुन्हा जोडले जात. युद्धानंतरही अनेक देशांच्या सैन्यांनी हेच केलं. पॅरिसजवळच्या ला माल्तुर्ने इथल्या कार्यशाळेने तर हजारो जीप अशा नव्याने उभ्या केल्या. फोर्डची चॅसिस आणि विलिसचं इंजिन ही जोडी म्हणून खोटी ठरत नाही. तो लष्करी सेवेचाच इतिहास आहे. खोटं असतं ते पाटीवर लिहिलेलं विधान.

प्रश्न एवढाच उरला, की या गाडीतली सरमिसळ सैन्यात झालेली की नंतर कुणा दलालाच्या अंगणात. त्यासाठी बॉडी बघितली. चुंबक फिरवला. पुढच्या मडगार्डांना चिकटत गेला. चालकाच्या पायांखाली आणि टाकीच्या कोनाड्यात मात्र घसरून पडला. तिथे पुटी होती, भरपूर. खालून पाहिलं तर फरशीला आधार देणाऱ्या टोपीच्या आकाराच्या पट्ट्या कुजलेल्या. या पट्ट्यांत कारखान्यातून लाकूड भरलेलं असे. ते पाणी पितं आणि पत्रा आतून खातं. जवळजवळ प्रत्येक अस्सल बॉडी तिथूनच मरते, आणि नव्या बॉडीत हा रोग अर्थातच नसतो. इथला तो गंज मला दिलासा देणारा वाटला. काचेच्या चौकटीच्या बिजागरीवर, मागच्या अवजारपेटीच्या झाकणावर, हँडलच्या बोल्टवर एफ सापडलं. बॉडी फोर्डची, मूळची.

राहिला तो कागदावरचा एमबी क्रमांक. मी विकणाऱ्यांना विचारलं, "वडिलांची एखादी फाईल असेल का? पावत्या, काहीही?"

ते आत गेले आणि दोरीने बांधलेलं एक जाड पुडकं घेऊन आले. त्यात वंगणाच्या पावत्या होत्या, टायरच्या होत्या, आणि एक पिवळा पडलेला कागद: गाडी मोडीतून विकताना दिलेला. त्यावर इंजिनाच्या रकान्यात तोच २७ ने सुरू होणारा एमबी क्रमांक, आणि चॅसिसच्या रकान्यात हाताने पुन्हा तोच. बरीच वर्षं नंतरची आणखी एक पावती होती, 'इंजिन बदली' अशी.

गाठ सुटली. सैन्यातल्या दुरुस्तीत फोर्डच्या चॅसिसवर विलिसचं इंजिन बसलं. विक्रीच्या वेळी लिहिणाऱ्याला चॅसिसवरचा झाकलेला ठसा दिसला नाही, त्याने इंजिनाचाच क्रमांक दोन्हीकडे लिहिला; नोंदणीतही तोच गेला. अशा नोंदी जुन्या जीपांच्या बाबतीत मुळीच दुर्मीळ नाहीत. पुढे ते इंजिन थकलं, त्याच्या जागी नागरी इंजिन आलं. आणि कधीतरी रंगकाम करताना कुणीतरी कागदावरचा क्रमांक बघून, मनाने साल घालून, पाट्या करून घेतल्या. वडिलांनी फसवलं नव्हतं. विकणाऱ्यांना हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बरं झालं तुम्ही फाईल मागितलीत. मी ती रद्दीत देणार होतो."

इंजिन थंड झाल्यावर चारही सिलिंडरचा दाब मोजला. तिसऱ्यात कमी. थोडं तेल सोडून पुन्हा मोजला तरी वाढला नाही, म्हणजे दोष पिस्टनच्या रिंगांत नव्हे, व्हॉल्व्हमध्ये. या जातीच्या इंजिनात व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच बसतात, त्यामुळे व्हॉल्व्हची सीट आणि सिलिंडर यांच्यामध्ये तडा आहे का ही भीती असते; ते हेड उघडल्याशिवाय कळत नाही. चालवून पाहिली तेव्हा दुसरा गिअर उतारावर सुटत होता. स्टिअरिंगला बराच प्ले, म्हणजे ढिलेपणा. बाकी गळती वगैरे होती, ती या वयाला असतेच.

पर्याय

घरी परतताना घेणारे हिरमुसले होते. त्यांच्यासमोर चार वाटा होत्या.

एक, सोडून देणं. हाती एक दुसरी गाडीही होती: नुकतीच 'पूर्ण जीर्णोद्धार' झालेली, अंगाला ओरखडा नाही, तीही १९४२ ची एमबी म्हणून. ती आम्ही पाहून आलो होतो. बॉडीखालच्या पट्ट्या नव्या, एकही जुना वेल्डिंगचा ठिपका नाही, वायरिंग २४ व्होल्टचं. युद्धकाळातली जीप ६ व्होल्टवर चालते. चॅसिसवरचा क्रमांक दाखवायला विक्रेता तयार नव्हता, "रंग खराब होईल" म्हणून. क्रमांक झाकलेली गाडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि यात मी तडजोड करत नाही.

दोन, सांगितलेल्या किमतीला घेणं आणि पाटीवरचं खरं मानून पुढे जाणं. घेणाऱ्यांना क्षणभर हाही मोह झाला. "कोण बघतंय वाकून?" असं ते म्हणाले. पण जो पुढचा घेणारा असेल तो बघेल. आणि अपघात झाला तर विमा कंपनीही बघेल.

तीन, फोर्ड म्हणूनच घेणं, पण आधी कागद सरळ करून आणि किंमत त्याप्रमाणे ठरवून.

चार, फक्त भागांसाठी घेणं. एका व्यापाऱ्याने हे सुचवलं: एफ असलेले भाग सुटे विकले तर जास्त पैसे येतात. गणित बरोबर असेल. पण ऐंशी वर्षं टिकलेली, आपला जन्मक्रमांक अंगावर असलेली चॅसिस तोडायला मी मदत करणार नाही, हे मी तेव्हाच सांगितलं, आणि घेणाऱ्यांनीही तो विषय पुन्हा काढला नाही.

निर्णय घ्यायला त्यांना वेळ लागला तो वेगळ्याच कारणाने. त्यांच्या मनात विलिस होती. लहानपणापासूनचं चित्र एका नावाशी बांधलेलं असलं की फोर्ड म्हटल्यावर काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. मी त्यांना पुन्हा एकदा शेडमध्ये घेऊन गेलो आणि दिव्याची करामत दाखवली. या जीपचा पुढचा दिवा बॉनेट उघडून, एक फुलपाखरी नट सैल करून, मागे वळवता येतो. मग तो इंजिनावर प्रकाश टाकतो. रात्री रस्त्याकडेला दुरुस्ती करणाऱ्या सैनिकासाठी केलेली सोय. नट हाताने फिरला, दिवा वळला, आणि ब्रॅकेटच्या कडेला रंगाखालून एफ डोकावलं. "म्हणजे हा नट तेव्हापासून इथेच आहे," ते म्हणाले. त्यानंतर विलिसचा विषय मागे पडला.

निर्णय आणि कृती

तिसरी वाट धरली. क्रम महत्त्वाचा होता, कारण पैसे आधी आणि कागद मागून असा व्यवहार बहुधा अडकतो. लेखी करार केला: थोडी इसाऱ्याची रक्कम, आणि अट अशी की विकणाऱ्यांनी मालक म्हणून नोंदणी कार्यालयात अर्ज करून चॅसिस आणि इंजिनाचे प्रत्यक्ष क्रमांक नोंदवून घ्यावेत, झालं नाही तर इसारा परत. अर्जाला चॅसिसवरच्या ठशाचं पेन्सिल घासून काढलेलं प्रतिरूप, छायाचित्रं, मोडीच्या विक्रीचा जुना कागद आणि इंजिन बदलीची पावती जोडली. गाडी प्रत्यक्ष तपासली गेली. तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना तो पिवळा कागदच सगळ्यात पटला, कारण चूक कुठे झाली ते त्यात एका ओळीत दिसत होतं. वेळ लागला, पण नोंद दुरुस्त झाली. किंमत मागितलेल्या रकमेच्या पाऊणपट ठरली. विकणाऱ्यांनी खळखळ केली नाही.

या टप्प्यावर एका मिस्त्रीने सुचवलं होतं, की इंजिनावरचं 'जे' घासून तिथे चॅसिसचा क्रमांक ठोकून देतो, "मग गाडी मॅचिंग होईल." हे कधीही करू नये. क्रमांक घासणं बहुतेक सगळीकडे गुन्हा आहेच, पण कायदा बाजूला ठेवला तरी त्याने गाडीची आत्ताच उलगडलेली हकीगत कायमची पुसली जाते.

गाडी घरी आल्यावर पहिलं काम चाकांचं. या जीपला पुढे पुढे जे चाक दिलं गेलं ते दोन अर्धुकांचं असतं, आठ नटांनी एकमेकांना जखडलेलं. टायरवाला मुलगा हवा न सोडताच त्या आठ नटांवर पाना लावायला निघाला होता. हवा भरलेली असताना ते नट सैल केले तर अर्धुकं बंदुकीच्या गोळीसारखी सुटतात. माणसं मेली आहेत त्याने. आधी व्हॉल्व्हची सुई काढून हवा पूर्ण सोडायची, मगच हात लावायचा. चाक गाडीवरून उतरवण्यासाठी ते आठ नट नाहीतच, मधले पाच आहेत. आणि डाव्या बाजूच्या चाकांच्या त्या नटांचे आटे उलटे असतात. हे माहीत नसलेल्या कुणीतरी पूर्वी जोर लावून एक स्टड मोडलेला आम्हाला सापडलाच.

वीज परत ६ व्होल्टवर आणली. आधीच्या कुणीतरी १२ व्होल्टची बॅटरी ६ व्होल्टच्याच सेल्फला जोडली होती. गाडी झटकन सुरू होते म्हणून लोक खूश होतात, पण त्या धक्क्याने फ्लायव्हीलच्या रिंगचे दात खातात. इथेही काही दात झिजलेले होते. ६ व्होल्टची गाडी सुस्त असते ही तक्रार बहुधा बारीक तारांमुळे असते. व्होल्टेज निम्मं तर त्याच कामाला करंट दुप्पट, तेव्हा बॅटरीची केबल जाड हवी आणि अर्थिंगच्या जागा चकचकीत. एवढं केल्यावर सेल्फ पहिल्या फटक्यात उचलू लागला.

हेड उघडलं. तडा नव्हता, तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळलेला होता. इंजिन नागरी असलं तरी तेच ठेवायचं ठरलं. मूळ फोर्डचं इंजिन शोधून बसवलं तरी त्यावरचा क्रमांक दुसऱ्याच गाडीचा असणार. मग मिळवलं काय? ब्रेकचे सगळे सिलिंडर आणि नळ्या मात्र न बघता बदलल्या. नऊ इंची ड्रम आणि एकच सर्किट. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला.

दुरुस्तीचं पुस्तक म्हणून १९४४ चं अमेरिकन लष्कराचं टीएम ९-८०३ वापरलं. ज्याच्याकडे जीप आहे त्याच्याकडे ते हवंच. सैनिकाला रोज, आठवड्याला, महिन्याला काय तपासायचं ते त्यात इतक्या साध्या भाषेत आहे की आजच्या मालकालाही तेच वेळापत्रक पुरतं.

खोट्या पितळी पाट्या काढल्या आणि नष्ट न करता फाईलमध्ये ठेवल्या, सोबत त्या कशा आल्या याची चिठ्ठी लिहून.

निष्पत्ती

गाडी आता चालते, आणि तिच्या वेगाने चालते. लष्करी पाटीवर कमाल वेग ताशी ६५ मैल लिहिलेला असे, पण या ब्रेकांवर आणि या हँडलवर ताशी ६० किलोमीटरच्या पुढे जाण्यात शहाणपण नाही. लो गिअरमध्ये, चारही चाकं जोडून, चिखलाच्या चढावर ती जशी शांतपणे चढते ते बघताना वजनाचा हिशोब कळतो: जेमतेम अकराशे किलोची गाडी, ८० इंचांचा व्हीलबेस, पुढे-मागे ताठ ॲक्सल. त्यात अनावश्यक असं काही नाही.

सगळ्यात मोलाचं जे मिळालं ते बॉनेटवर. डाव्या बाजूचा रंग वॉटर पेपर पाण्यात बुडवून थर-थर काढला. पाण्यात यासाठी, की जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची कोरडी धूळ छातीत जाऊ नये. शेताचा हिरवा, त्याखाली दुसरा हिरवा, त्याखाली तपकिरी झाक असलेला मॅट ऑलिव्ह, आणि त्यावर फिकट पांढऱ्यात दोन आकडे: २०. अमेरिकन लष्करात पाव टनी गाड्यांचा, म्हणजे जीपांचा, बॉनेटवरचा क्रमांक याच दोन आकड्यांनी सुरू होई. पुढचे चार आकडे वाचता आले, उरलेले पूर्वीच्या कुणाच्या तरी ग्राइंडरने खाल्ले होते.

घेणाऱ्यांची पहिली इच्छा होती की उरलेले आकडे अंदाजाने भरून पूर्ण क्रमांक रंगवावा. पण बॉनेटसुद्धा दुसऱ्या गाडीवरून आलेलं असू शकतं. शेवटी तो वीतभर तुकडा तसाच उघडा ठेवून त्यावर पारदर्शक लेप दिला. बाकी गाडीला ऑलिव्ह रंग, पण कुठल्याही तुकडीची चिन्हं नाहीत, कारण ती कुठल्या तुकडीत होती याचा पुरावा नाही. प्रदर्शनात लोक विचारतात, "चिन्हं का नाहीत?" आणि मग फाईल उघडली जाते. विकणारे शिक्षकही एकदा येऊन, वडिलांच्या पावत्या नीट लावलेल्या बघून गेले.

वेगळं काय करता आलं असतं

गाडी बघायला जाण्याआधी चॅसिसच्या पुढच्या आडव्या तुकड्याचं आणि डाव्या रेलचं छायाचित्र मागायला हवं होतं. घेणाऱ्यांना विलिसच हवी असती आणि ते ठाम राहिले असते, तर ती फेरी वाया गेली असती. प्रामाणिक विक्रेता असं छायाचित्र देतो. न देणारा काय लपवतो ते आपोआप कळतं.

इंजिन गार ठेवा, आम्ही आल्यावरच सुरू करू, असं आधी सांगून ठेवावं. इथे विकणाऱ्यांनी कौतुकाने गरम करून ठेवलं, पण त्यामुळे थंड इंजिनाचा पहिला आवाज आणि पहिला धूर बघायची संधी गेली. जळलेला व्हॉल्व्ह दाब मोजल्यावर कळला खरा, तरी प्रत्येक ठिकाणी विक्रेता स्पार्क प्लग काढू देईलच असं नाही.

बॉनेटच्या उजव्या बाजूला घेणाऱ्यांनी घाई केली. डावीकडे आकडे दिसल्याच्या आनंदात त्यांनी उजवीकडे एका दुपारी जोर लावून घासलं, आणि तिथे जे काही असेल ते गेलं. प्रत्येक थर उघडला की छायाचित्र, मोजमाप, आणि मग पुढचा थर. याला आठवडे लागले तरी चालतील. उरलेले आकडे कदाचित तिकडेच होते.

फरशीचं अजून ठरलेलं नाही. कुजलेल्या पट्ट्यांच्या जागी नव्या पट्ट्या, लाकडाशिवाय, आणि पायांखालचे तुकडे कापून नवा पत्रा जोडायचा, की नवी बॉडी आणून जुनी जपून ठेवायची, यावर आमची चर्चा चालू आहे. नवी बॉडी स्वस्त पडेल आणि लवकर होईल. माझा कल तुकडे जोडण्याकडे आहे, कारण एफ उठवलेले बहुतेक भाग त्याच पत्र्याला चिकटलेले आहेत. घेणाऱ्यांनी वेल्डिंग शिकायला सुरुवात केली आहे. तोवर फरशीखाली गंजरोधक लावून पाणी निघून जाईल अशी भोकं मोकळी ठेवली आहेत, आणि गाडी पावसात बाहेर काढायची नाही एवढं ठरलं आहे.